अकूस्टिक न्यूरोमाच्या शस्त्रक्रियेनंतर: डोळा आणि तोल एकत्र कसे सांभाळावेत

रुग्णालयातून घरी येऊन मला चार दिवस झाले होते. डाव्या डोळ्यात मलम, पापणीवर कागदी चिकटपट्टी आणि खोलीत अंधार अशा अवस्थेत मी पहाटे तीनच्या सुमारास लघवीला उठले. दोन पावले नीट पडली आणि तिसऱ्या पावलाला झोक जाऊन मी डावीकडच्या कपाटावर आदळले. खांदा निळा झाला, एवढ्यावरच निभावले. डोळ्याची काळजी कशी घ्यावी हे मला नेत्रतज्ज्ञांनी सांगितले होते आणि तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले होते. मात्र डोळा वाचवण्यासाठी रात्री जे करायचे त्यानेच तोलाचा उरलासुरला आधार निघून जातो, ही गोष्ट दोन्ही कागदांच्या मधल्या जागेत पडून राहिली होती. हा लेख त्या मधल्या जागेविषयी आहे. मी डॉक्टर नाही. पुढे दिलेले सर्व काही आपल्या शल्यचिकित्सकांच्या सूचनांच्या चौकटीत राहूनच करावे, आणि त्यांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

नेमके काय बिघडते

अकूस्टिक न्यूरोमा ही कर्करोगाची गाठ नव्हे. वैद्यकीय भाषेत तिला आता व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात, कारण आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेच्या तोल सांभाळणाऱ्या शाखेवर, नसेचे आवरण बनवणाऱ्या श्वान पेशींपासून ती तयार होते आणि बहुधा फार सावकाश वाढते. अडचण आहे ती जागेची. कानाच्या हाडातील ज्या अरुंद बोगद्यातून आठवी नस जाते त्यातूनच चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नस जाते, आणि गाठ मोठी असेल तर ती चेहऱ्याला व डोळ्याला स्पर्शाची जाणीव देणाऱ्या पाचव्या नसेलाही जाऊन भिडते.

पापणी मिटण्याचे काम सातव्या नसेचे आणि वरची पापणी उचलण्याचे काम तिसऱ्या नसेचे असते. सातवी दुखावली आणि तिसरी धडधाकट राहिली की डोळा उघडतो व्यवस्थित, पण मिटत नाही. अश्रुग्रंथीकडे जाणारे तंतूही सातव्या नसेच्याच सोबतीने जात असल्याने अश्रूही कमी होतात. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लवते आणि दर वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर पसरते. ते थांबले की पडदा सुकतो, त्याला चरे पडतात, पुढे व्रण होतो आणि तो बरा झाला तरी मागे पांढरे फूल उरू शकते. पाचवी नसही दुखावली असेल तर यातले काहीच दुखत नाही, आणि खरा धोका तोच आहे.

तोलाची नस शस्त्रक्रियेत बहुधा कापावीच लागते. मग मेंदूला एकाच कानाकडून खबर येत राहते आणि डोके सतत त्या चांगल्या बाजूकडे फिरत असल्याचा त्याचा समज होतो. म्हणून सुरुवातीला सारे गरगरते, मळमळते आणि चालताना माणूस शस्त्रक्रिया झालेल्या बाजूकडे ओढला जातो. ही नस पुन्हा जोडली जात नाही. मेंदू डोळ्यांकडून, तळपाय व सांध्यांकडून आणि उरलेल्या कानाकडून येणाऱ्या माहितीवर नवा हिशेब बसवतो. ज्यांच्या गाठीने तोलाची नस आधीच हळूहळू निकामी केलेली असते त्यांना शस्त्रक्रियेनंतर तुलनेने कमी गरगरते, आणि ज्यांची नस आदल्या दिवसापर्यंत बरीच काम करत होती त्यांना जास्त. छोटी गाठ असूनही शेजारच्या खाटेवरच्या मोठ्या गाठीच्या रुग्णापेक्षा आपल्याला जास्त त्रास का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

शस्त्रक्रियेआधी करून ठेवायची कामे

वेळ असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून कॉर्नियाची तपासणी आणि अश्रूंची चाचणी करून घ्यावी, म्हणजे नंतर तुलनेला आधार मिळतो. स्वतःचा डोळे मिटतानाचा आणि हसतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवावा. घरात बिछान्यापासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारे दोन मंद दिवे, न्हाणीघरात भिंतीला पक्का बसवलेला दांडा, बसून अंघोळ करता येईल असे पाय न घसरणारे स्टूल आणि भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची, एवढी तयारी पुरते. उकिडवे बसून उठताना डोके खालीवर होते, जोर लागतो आणि हाताला धरायला काही नसते. पहिल्या महिन्यात हे तिन्ही टाळायचे असते.

शस्त्रक्रिया झाल्यावर शुद्धीवर आलेल्या रुग्णाने नव्हे, तर नातेवाइकांनी शल्यचिकित्सकांना दोन प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत: चेहऱ्याची नस अखंड राहिली आहे का, आणि शेवटी तिला विजेचा सूक्ष्म झटका देऊन पाहिले तेव्हा चेहऱ्याचे स्नायू हलले का. दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर चेहरा आज वाकडा दिसला तरी तो बऱ्यापैकी सुधारण्याची आशा चांगली असते. डोळ्यासाठी पुढे काय आणि कधी करायचे याचे निर्णय याच दोन उत्तरांवर अवलंबून असतात. आणखी एक गोष्ट नातेवाइकांना ठाऊक असावी. पहिल्या दिवशी ठीक असलेला चेहरा काही दिवसांनी अचानक लुळा पडू शकतो. त्याने घाबरून जायला होते; पण अशी उशिरा आलेली दुर्बलता बहुधा भरून येते. डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी कळवावे.

दिवसा डोळ्याची निगा

चेहऱ्याची दुर्बलता मोजण्यासाठी हाऊस-ब्रॅकमन यांची १ ते ६ अशी श्रेणी वापरतात. ती १९८५ पासून रूढ आहे. १ म्हणजे चेहरा पूर्ववत आणि ६ म्हणजे काहीच हालचाल नाही. घरच्या माणसांच्या दृष्टीने खरी सीमा ३ आणि ४ यांच्या मध्ये आहे: ३ मध्ये जोर लावून डोळा पूर्ण मिटतो, ४ पासून पुढे तो मिटत नाही. आपला आकडा विचारून घ्यावा. तो ४ किंवा त्याहून वरचा असेल तर पुढची दिनचर्या एक दिवसही चुकवू नये.

जागेपणी कृत्रिम अश्रूंचे थेंब दर तासा-दोन तासांनी घालावेत. इतक्या वेळा थेंब घालायचे असतील तर ते परिरक्षक नसलेले, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री असावेत, कारण बाटलीतले औषध टिकवण्यासाठी मिसळलेले काही रासायनिक घटक, विशेषतः बेन्झाल्कोनियम क्लोराइड, वारंवार वापरले तर कॉर्नियाच्या वरच्या थरालाच इजा करतात. कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट यांचे असे थेंब एकदाच वापरायच्या छोट्या नळ्यांत मिळतात. ते महाग पडतात हे खरे आहे. तरी सगळीकडे काटकसर करावी आणि इथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधी बाटली वापरावीच लागली तर तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी आणि महिन्याने ती टाकून द्यावी.

थेंब घालताना मान मागे टाकली की गरगरते, हा अनुभव सुरुवातीला सगळ्यांना येतो. त्यामुळे उभ्याने, आरशासमोर थेंब घालू नयेत. पाठीला उशी लावून बिछान्यात टेकून बसावे, नजर छतावरच्या एका ठिकाणी स्थिर करावी, बोटाने खालची पापणी किंचित ओढून झालेल्या खळग्यात एकच थेंब सोडावा, आणि मग बोटाच्या मागच्या बाजूने वरची पापणी हळूच खाली आणून काही क्षण मिटलेली धरावी. दुसरे औषध घालायचे असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मलम नेहमी सर्वांत शेवटी.

‘डोळा कोरडा आहे म्हणता, मग सारखे पाणी का गळते?’ हा प्रश्न मीही विचारला होता. पापणी लवताना अश्रू नाकाकडच्या बारीक छिद्रात ढकलले जातात; लवणेच बंद झाले आणि खालची पापणी सैल होऊन बाहेर लोंबू लागली की असतील ते अश्रू गालावर ओघळतात, आणि सुकलेला कॉर्निया चुरचुरू लागला की आणखी पाणी येते. म्हणजे गळणारे पाणी हे डोळा ओला असल्याचे लक्षण नाही. ते टिपताना रुमाल वरून खाली ओढू नये, कारण त्याने आधीच सैल झालेली खालची पापणी अधिक ओघळते. बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे, किंचित वरच्या दिशेने अलगद टिपावे.

वारा हा या डोळ्याचा पहिला शत्रू आहे. छताच्या पंख्याखाली बसू नये, कूलरचा किंवा मोटारीतल्या वातानुकूलनाचा झोत तोंडावर घेऊ नये, बाहेर पडताना बाजूंनी बंद असलेला चष्मा लावावा. फोडणीचा ठसका, उदबत्तीचा व धुपाचा धूर, होळीचा गुलाल आणि झाडलोटीची धूळ यांपासून काही महिने लांब राहावे. काजळ नको, गुलाबपाणी नको. माझ्या सासूबाईंनी अगदी मायेने सुचवले होते, “अगं, मधाचं बोट फिरव डोळ्यात, आमच्याकडे सगळ्यांना लागू पडलंय.” त्यांना मी हात जोडले. ज्या डोळ्याला बधिरपणामुळे आग कळत नाही आणि पापणी लववून घाण बाहेर टाकता येत नाही त्यात मध, एरंडेल, तूप किंवा अंगावरचे दूध यांपैकी काहीही घालणे म्हणजे जंतूंना आमंत्रण देणे आहे. तितकेच घातक आहे ते औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घालणे. त्यांनी लाली उतरते, पण खाली जंतूंचा किंवा बुरशीचा व्रण असेल तर तो मोकाट वाढतो.

आता एक लहानशी गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. दीड महिन्याने पहिल्यांदा स्वयंपाकघरात कांदा चिरायला बसले, तर उजव्या डोळ्यातून धार आणि डावा डोळा ढिम्म. क्षणभर गंमत वाटली, मग पोटात गोळा आला. कांद्याची झणझण पाचव्या नसेने कळते आणि अश्रू येतात ते सातव्या नसेच्या सोबतच्या तंतूंमुळे. त्या साखळीतली एक तरी कडी तुटलेली होती. नेत्रतज्ज्ञांनी कापसाच्या बारीक तंतूने कॉर्नियाला स्पर्श करून पाहिला तेव्हा तो अर्धवट बधिर निघाला. आपल्या डोळ्याची ही चाचणी झाली आहे का, हे प्रत्येकाने विचारावे.

डोळा बधिर असेल तर दुखण्याची वाट पाहून चालत नाही, पाहण्याची सवय लावावी लागते. रोज सकाळी घरातल्या एकाच ठरलेल्या माणसाने खिडकीच्या उजेडात डोळा पाहावा: पांढरा भाग कालपेक्षा लाल आहे का, बुबुळावर पांढुरका ठिपका किंवा धूसर डाग आहे का, चिकट स्राव आहे का. रुग्णाने चांगला डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तीच ओळ त्याच अंतरावरून वाचावी. काल वाचता आलेली ओळ आज वाचता येत नसेल आणि थेंब घातल्यावरही पुसट राहत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. ते पिवळसर रंगाचा फ्लुओरेसिन थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहतात, आणि चरा असलेली जागा हिरवी चमकून दिसते.

रात्रीची पट्टी

रात्री थेंब पुरत नाहीत. झोपण्यापूर्वी खालच्या पापणीच्या खळग्यात तांदळाच्या दोन दाण्यांएवढे वंगण मलम किंवा दाट जेल घालावे आणि मग पापणी चिकटपट्टीने बंद करावी. हे काम दिसते सोपे, पण चुकीच्या तऱ्हेने केले तर न केल्यापेक्षा वाईट, कारण पट्टीच्या आत डोळा उघडला तर पट्टीच रात्रभर कॉर्नियावर घासत राहते. म्हणून पापणीच्या आत मलम घालून झाल्यावर पापणीवरचे व तिच्या भोवतीचे तेलकट डाग कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्यावेत, नाहीतर पट्टी मध्यरात्री सुटते. रुग्णाने खाली पाहावे, दुसऱ्या माणसाने वरची पापणी बोटाने अलगद खाली आणावी, पापण्यांचे केस आत दुमडले नाहीत हे पाहावे, आणि साधारण अर्धा इंच रुंदीची कागदी मायक्रोपोर पट्टी वरच्या पापणीवर, केसांच्या लगेच वर, नाकाच्या बाजूकडून कानशिलाकडे आडवी लावावी. खालची पापणी लोंबत असेल तर दुसरी पट्टी तिच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून तिरकी वर कानशिलाकडे ओढून लावावी. शेवटी बाजूने विजेरीचा उजेड टाकून फट राहिली नाही याची खात्री करावी. फट दिसली तर सारे काढून पुन्हा करावे. डोळ्यावर थेट कापूस किंवा गॉजचा बोळा ठेवू नये. सकाळी पट्टी कोमट पाण्याने भिजवूनच काढावी. ओढून काढली की आठवडाभरात कातडी सोलवटते.

पट्टी सहन होत नसेल तर पर्याय आहेत. डोळ्याभोवतीची हवा दमट ठेवणारे पारदर्शक वाटीसारखे कवच मिळते, आणि ते मिळाले नाही तर पोहण्याचा घट्ट न बसणारा स्वच्छ चष्माही काही रात्री काम भागवतो.

आता त्या कपाटाकडे परत येऊ. अंधारात मेंदूला तोलासाठी डोळ्यांची मदत नसते. मलमाने एक डोळा पुसट किंवा पूर्ण झाकलेला असतो. शस्त्रक्रिया झालेला कान तोल कळवत नाही, आणि बहुधा ऐकतही नाही. उरतात दोन तळपाय, आणि तेही झोपेतून उठलेले. म्हणून रात्रीसाठी मी पुढील क्रम ठरवला आणि तो सहा महिने मोडला नाही. झोपण्यापूर्वी अर्धा तास आधी लघवीला जाऊन यायचे आणि मलम त्यानंतरच घालायचे. बिछाना असा लावायचा की उतरताना चांगली बाजू मोकळ्या जागेकडे आणि बिघडलेली बाजू भिंतीकडे राहील. दिवा रात्रभर चालू. जाग आली की आधी कुशीवर वळायचे, मग काठावर बसायचे, दोन्ही पाय जमिनीला टेकवून चांगल्या डोळ्याने दारावरच्या खिळ्याकडे मनातल्या मनात वीस मोजेपर्यंत पाहायचे, आणि मगच भिंतीला हात लावून उठायचे. अनवाणी चालायचे, कारण पायमोज्यांत फरशी कळत नाही आणि सपाता पायातून निसटतात. पहिला महिना खोलीत कोणीतरी झोपलेले असावेच, आणि त्याला उठवण्यात संकोच करू नये.

थेंबांनी भागत नाही तेव्हा

चेहऱ्याची नस दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढते, असे ढोबळ मानाने धरतात. म्हणून सुधारणा दिसायला काही महिने आणि अंतिम चित्र स्पष्ट व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. इतके दिवस कॉर्निया उघडा ठेवणे परवडत नाही. वरच्या पापणीच्या आत सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे साधारण एक ग्रॅमच्या आसपासचे वजन बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन करता येते, आणि नस सुधारली की ते काढताही येते. त्यात एक मेख आहे. हे वजन गुरुत्वाकर्षणाने पापणी खाली आणते, त्यामुळे बसलेल्या आणि उभ्या माणसात ते उत्तम चालते, पण आडवे झाल्यावर त्याचा उपयोग फारसा होत नाही. वजन बसवले म्हणून रात्रीचे मलम बंद करणारे रुग्ण इथेच फसतात. डोक्याखाली जास्त उशा घेऊन झोपले तर थोडा फरक पडतो.

पापण्यांचा बाहेरचा भाग टाके घालून जोडण्याची टार्सोराफी ही जुनी पद्धत आहे. डोळा लहान दिसतो म्हणून पुष्कळजण, विशेषतः तरुण रुग्ण, तिला नकार देतात. माझ्या मते बधिर आणि उघडा असा दुहेरी दोष असलेल्या डोळ्याच्या बाबतीत हा नकार महागात पडतो. टाके नंतर सोडवता येतात, फूल पडलेला कॉर्निया सहजासहजी पूर्ववत होत नाही. नस शस्त्रक्रियेत तुटलीच असेल किंवा वर्षभरात काहीच हालचाल आली नसेल, तर जिभेची किंवा चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडण्याच्या शस्त्रक्रियेविषयी वेळेत विचारावे, कारण दीर्घकाळ निकामी राहिलेले स्नायू पुढे प्रतिसाद देत नाहीत.

तोलाचे व्यायाम

पहिले तीन-चार दिवस गरगरणे व उलट्या आटोक्यात ठेवण्यासाठी औषधे लागतात आणि ती घ्यावीत. मात्र प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन यांसारखी चक्कर दाबणारी औषधे आठवडेच्या आठवडे चालू ठेवली तर मेंदूला नवा हिशेब बसवण्याची गरजच भासत नाही, आणि ज्येष्ठांमध्ये दीर्घ वापराने हातपाय कापणे व ताठरणे असे कंपवातासारखे दुष्परिणामही होतात. जुन्या चिठ्ठीवर ती पुन्हा पुन्हा आणणे आपल्याकडे सर्रास चालते. घरी जाताना प्रत्येक गोळी किती दिवस घ्यायची, हे विचारून घ्यावे.

तोल सावरण्याचा खरा उपाय म्हणजे हालचाल. डोके व डोळे हलवण्याचे पद्धतशीर व्यायाम ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी १९४० च्या दशकात बसवले, आणि आजच्या पद्धती सुधारलेल्या असल्या तरी तत्त्व तेच आहे: ज्या हालचालीने गरगरते तीच हालचाल थोड्या मात्रेत, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा करायची. व्हेस्टिब्युलर रिहॅबिलिटेशन जाणणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तमच.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नजर स्थिर ठेवण्यापासून सुरुवात करावी. कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला ‘अ’ हे एकच ठसठशीत अक्षर लिहिलेला कागद लावून सुमारे तीन-चार फुटांवर खुर्चीत बसावे. अक्षरावरून नजर न हलवता ‘नाही नाही’ म्हणावे तसे डोके डावी-उजवीकडे थोडेसे हलवावे. अक्षर पुसट होऊ लागेल त्याच्या किंचित आधीचा वेग हा आपला वेग. आरंभी १५-२० सेकंदांनीच पुरे वाटेल. हळूहळू एक मिनिटापर्यंत न्यावे आणि मग ‘हो हो’ म्हणावे तसे डोके खालीवर करावे. दिवसातून किमान तीन वेळा आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाकाठी एकूण निदान १२ मिनिटे, हे सर्वमान्य प्रमाण आहे. पुढे हेच उभ्याने, मग चालताना, आणि मग कोऱ्या भिंतीऐवजी चौकड्यांची चादर टांगून तिच्यासमोर करावे.

इथे डोळा पुन्हा मध्ये येतो. एका अक्षराकडे टक लावताना आपण पापणी कमी लववतो, आणि बिघडलेला डोळा तर लवतच नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी एक थेंब, नंतर एक थेंब, आणि पंखा बंद. मलम घातलेल्या डोळ्याने हा व्यायाम करू नये, अक्षर पुसटच दिसेल आणि वेग कळणार नाही. एकाची दोन अक्षरे दिसत असतील तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावे; डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस दुखावल्याने तसे होऊ शकते.

उभ्याचा व्यायाम दोन भिंतींच्या कोपऱ्यात, समोर पाठीची खुर्ची ठेवून करावा. पाय जुळवून ३० सेकंद उभे राहावे, नंतर एका पावलासमोर दुसरे पाऊल ठेवून, आणि मग पायाखाली चार पदरी घडी केलेली गोधडी घेऊन. त्यानंतर डोळे मिटून. ज्याचा एक डोळा मिटतच नाही त्याने डोळे मिटून उभे राहिले तरी एक डोळा पाहतच असतो आणि व्यायाम फुकट जातो. त्याने खोलगट वाट्यांची, कॉर्नियाला न टेकणारी झोपेची पट्टी बांधावी, आणि शेजारी माणूस असल्याशिवाय हे करूच नये. व्यायामानंतर थोडे गरगरावे, हे अपेक्षितच आहे. ते १५-२० मिनिटांत शमले तर मात्रा बरोबर आहे. दुपारपर्यंत टिकले तर उद्या निम्मे करावे. एकदा सुधारलेला तोल तापात, जागरणाने किंवा लांबच्या प्रवासानंतर काही दिवस पुन्हा डळमळतो. तो मागे गेलेला नसतो. व्यायाम पुन्हा लहान मात्रेने सुरू करावेत.

चेहऱ्याचे व्यायाम मात्र याच्या उलट चालीने करायचे असतात. जोर लावून डोळा घट्ट मिटण्याचा अट्टहास केला तर पुन्हा वाढणारे तंतू भलत्या स्नायूंकडे जोडले जाण्याची सवय पक्की होते, आणि मग हसताना डोळा बारीक होतो. आरशासमोर लहान, सावकाश, दोन्ही बाजूंना सारख्या हालचाली कराव्यात. विजेच्या झटक्यांचा शेक आपल्याकडे अनेक ठिकाणी सरसकट दिला जातो. त्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, तेव्हा शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

घराबाहेर

ऐकणे, पाहणे आणि तोल हे तिन्ही एकाच बाजूला कमी झालेले असतात, म्हणून रस्त्यावर ती बाजू जवळजवळ रिकामी समजावी. सोबतीने चालणाऱ्या माणसाने त्याच बाजूला, हात धरून चालावे, कारण झोक तिकडेच जातो. बोलायचे असेल तेव्हा मात्र थांबून समोर यावे. रस्ता ओलांडताना आवाजावरून वाहन कोणत्या दिशेने येते आहे हे कळत नाही, तेव्हा मान पूर्ण वळवून दोन्हीकडे पाहावे. भाजी मंडई, मोठ्या दुकानातील वस्तूंच्या लांब रांगा, सरकते जिने आणि गर्दीची फलाटे सुरुवातीला हैराण करतात. गर्दी नसलेल्या वेळी दहा मिनिटांसाठी जाऊन यावे. दुचाकी आणि मोटार चालवण्याची घाई करू नये: मागे पाहण्यासाठी मान वळवली की जग डोलते का, हे आधी खुर्चीवर आणि मग चालताना तपासावे आणि डॉक्टरांची परवानगी घ्यावी. एकट्याने पोहणे तर नकोच. पाण्याखाली पायांना जमीन नसते आणि डोळ्यांना धूसर दिसते, तेव्हा वर कोणती बाजू हेच कळेनासे होऊ शकते.

पुढील लक्षणांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. खाली वाकल्यावर नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा पातळ द्रव ठिबकणे, घशात खारट पाणी उतरणे, ताप, वाढती डोकेदुखी, मान ताठरणे, गुंगी येणे, अचानक नव्याने दोन दोन दिसणे, डोळा लाल होऊन नजर पुसट होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे. मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती टाळण्यासाठी पहिले काही आठवडे नाक जोराने शिंकरू नये, शिंक तोंड उघडून द्यावी, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये आणि जड वस्तू उचलू नयेत.

काही महिन्यांनी जेवायला बसल्यावर त्याच डोळ्यातून आपोआप पाणी वाहू लागले तर दचकू नये. लाळेसाठीचे तंतू वाढताना चुकून अश्रुग्रंथीकडे गेलेले असतात; त्रास फार असेल तर त्यावर बोटुलिनमचे इंजेक्शन देता येते. मात्र या पाण्याला अश्रूंची भरपाई समजून कृत्रिम अश्रू स्वतःहून बंद करू नयेत. गाठीचा ठरावीक काळाने एमआरआय करावा लागतो. पापणीतले सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे वजन चुंबकाला ओढले जात नाही, तरीही त्याची नोंद असलेले कार्ड पाकिटात ठेवून तंत्रज्ञांना आधी दाखवावे, आणि आत जाण्यापूर्वी डोळ्यात मलम घालून घ्यावे. तिथे बराच वेळ आडवे पडून राहायचे असते आणि वजन आडव्यात काम करत नाही.